इसार

दाराला बाहेरून कडी नाही.
आत हात घालून दोरी ओढायची, मग ते उघडतं.
एस्पेरांसाबाय ओढून दाखवते. आतून एक कोंबडी निघते,
आणि आम्ही दोघं काही न बोलता तिला वाट देतो.

अठ्ठावन्न सालची एम.जी., मुरगाव बंदरात उतरलेली.
हिरवी होती म्हणे. आता सांत इस्तेवच्या या छपराखाली
रंग कुठला आणि शेवाळ कुठलं, नखानं खरवडून बघावं लागतं.
सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, फुगून फुटलेल्या.
तारांची चाकं. मोजल्या. एका चाकात अकरा तारा कमी.

बॉनेट लगेच उघडलं नाही.
तीस वर्षं बार्जवर इंजिनं राखली, आमोण्याच्या धक्क्यापासून मुरगावपर्यंत.
खाणी थांबल्या तेव्हा चालतं इंजिन याच हातानं बंद करून घरी आलो.
आजारी माणसाचं पांघरूण
घाईनं ओढू नये.

ब्लॉकच्या कुशीला भोक. तीन बोटं जातात.
तिसऱ्या सिलिंडरचा रॉड जागेवर नाही.
क्रँकवर चरे, नखाला लागतात.
संपमध्ये तेलाऐवजी माती, आणि गोगलगाईचं एक रिकामं घर.

शाणू म्हणतो, काका, अँबॅसॅडरचं इंजिन टाका,
एकाच आईच्या पोटचं, चौदाशे एकोणनव्वद सीसी,
फोंड्याच्या भंगारात चाळीस हजारांना,
चतुर्थीला गाडी दारात.
खरं आहे. बसेल.
पण मग मी घेतलं काय?
हिरव्या पत्र्यातली टॅक्सी.

ब्लॉक शिवायचा तर कोल्हापूरला न्यायचा.
तिथला एक म्हातारा बिडाला थंड टाके घालतो, आगीशिवाय. पाहिलंय मी.
दीड लाख. टिकेल का विचारलं
तर बिडी विझवतो आणि दुसरी पेटवतो.
हिची किंमत सहा. माझी मुदत ठेव साडेपाच.
कुमुद म्हणाली, बार्ज गेली म्हणून गाडी?
बुडायला पाणी तरी हवं होतं.

तिसऱ्या खेपेला विचारलं,
जे पहिल्याच खेपेला विचारायचं असतं:
हे झालं कसं?

चौऱ्याहत्तर साल. मुंबईची आगबोट दहाला सुटायची.
पपांना न सांगता गाडी काढली, ट्रंक मागे बांधली,
फेरी ओलांडली. जुनं गोवं मागे पडलं
तेव्हा तेलाची सुई खाली यायला लागली.
बघत होते मी, ती म्हणते. शून्यावर.
थांबले नाही.
रायबंदरच्या लांब पुलावर रॉड बाहेर आला,
रस्त्यावर वाजत गेला, आणि मग इतकं शांत झालं
की बोटीचा भोंगा तिथून ऐकू आला.

बोटीवर कोण होतं, ते तिनं सांगितलं नाही.

मी सुई कधी ओलांडली नाही.
सुई पडली की इंजिन बंद. मग ओहोटी लागो,
मालक ओरडो, बाहेर समुद्रात जहाज ताटकळत उभं राहो.
त्याबद्दल कंपनीनं घड्याळ दिलं.
चालतं अजून.

उठताना दिसलं. दिवाणखान्याचं दार
वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली जे लोखंड लावलंय,
ते मी ओळखतो. एक टोक वाकडं, एक तुटकं,
रोज पुसून पुसून काळंभोर झालेलं.
‘तो मेळचो ना,’ ती म्हणाली. ‘गाडी व्हर. तो हांगाच.’
मग पाच हजार कमी, मी म्हणालो.
‘पाच हजार चड,’ ती म्हणाली, आणि हसता हसता खोकली.

संध्याकाळी घरी आलो.
शर्ट खुंटीला लावताना खिसा भिंतीकडे केला.
पिशवीत सांत इस्तेवची भेंडी, सात शिरांची, वीतभर लांब.
कुमुदनं एकीचं टोक मोडून बघितलं. कोवळी होती.
किती दिले, तिनं विचारलं.
मी भेंडीचा भाव सांगितला.